थॉमस हॉलोवे : गोळ्यांचा व्यापारी, मुलींच्या कॉलेजचा संस्थापक

या पानावर आपण आजवर संत, शास्त्रज्ञ, क्रांतिकारक, समाजसुधारक अशा थोरांची चरित्रे वाचली. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते यांपैकी कोणीच नव्हते. ते औषधांचे व्यापारी होते आणि त्यांनी विकलेल्या औषधात म्हणावे तसे औषधच नव्हते. तरीही इंग्लंडमध्ये मुलींच्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना त्यांचे नाव टाळता येत नाही. त्यांना थोर म्हणावे की म्हणू नये, हे त्यांची हकीकत वाचून ज्याने त्याने ठरवावे.

थॉमस हॉलोवे यांचा जन्म २२ सप्टेंबर १८०० रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील डेव्हनपोर्ट या बंदराच्या गावी झाला. वडील आधी पाव भाजण्याचा धंदा करीत, पुढे कुटुंब कॉर्नवॉलमधील पेन्झन्स या गावी गेले आणि तेथे त्यांनी खाणावळवजा मद्यगृह चालवले. वडिलांच्या मागे आई आणि धाकटा भाऊ हेन्री यांनी त्याच गावात किराणा व पावाचे दुकान काढले. म्हणजे घराणे साधे, दुकानदारीचे. थॉमस यांचे शिक्षणही बेताचेच. परंतु तरुण वयात ते फ्रान्समधील रुबे या गावी काही वर्षे राहिले आणि फ्रेंच भाषा शिकले. हीच भाषा पुढे त्यांचे भाग्य उघडणारी ठरली.

१८३१ च्या सुमारास ते लंडनला परतले. आयात-निर्यात करणाऱ्या एका पेढीत त्यांनी चिटणीस आणि दुभाष्या म्हणून नोकरी केली. १८३६ मध्ये त्यांनी स्वतःची अडत सुरू केली. परदेशातून आलेल्या व्यापाऱ्यांना लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळवून द्यायचे आणि आपली दलाली घ्यायची, असे त्या कामाचे स्वरूप होते. या कामातच त्यांची गाठ फेलिक्स अल्बिनोलो नावाच्या इटालियन माणसाशी पडली. तुरिनहून आलेला हा माणूस जळवा विकत असे. (त्या काळी युरोपातले डॉक्टर अशुद्ध रक्त काढण्यासाठी जळवा लावीत, त्यामुळे जळवांना चांगली मागणी होती.) त्याच्याजवळ जखमांवर लावायचे एक मलमही होते. हॉलोवे यांनी त्याची लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयातील डॉक्टरांशी ओळख करून दिली. मलमात काय आहे हे सांगायला मात्र अल्बिनोलो तयार नव्हता.

येथे हॉलोवे यांच्या डोक्यात वीज चमकली. असे मलम आपणच का करू नये? आईच्या स्वयंपाकघरातील भांड्यांत त्यांनी मेण, तेल, चरबी असे पदार्थ शिजवून मलम तयार केले आणि ऑक्टोबर १८३७ मध्ये वर्तमानपत्रात त्याची पहिली जाहिरात दिली. जाहिरातीत एका नामांकित शल्यचिकित्सकाच्या शिफारशीचाही उल्लेख होता. अल्बिनोलो संतापला. आपल्या मलमाची ही नक्कल आहे, लोकांनी फसू नये, अशा सूचना त्याने छापून आणल्या. पण त्याच्यापाशी ना पैसा होता ना ओळखीपाळखी. काही काळाने तो कर्जापायी तुरुंगात गेला आणि इतिहासातून नाहीसा झाला. हॉलोवे यांच्या यशाच्या पायाशी हा एक बुडालेला माणूस आहे, हे पुढचे वैभव वाचताना विसरू नये.

मलमापाठोपाठ गोळ्या आल्या. मलम बाहेरून, गोळ्या आतून, असा जोडीचा उपचार. काही दिवस हॉलोवे रोज लंडनच्या गोदीवर जात, निघणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना आणि उतारूंना भेटत व आपले डबे त्यांच्या हाती देत. जहाज जिकडे जाईल तिकडे गोळ्यांचे नाव जाई. वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर त्यांनी एवढा खर्च केला की शेवटी वर्तमानपत्रांचे पैसे देता येईनात आणि अल्बिनोलोप्रमाणे त्यांनाही कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात जावे लागले. फरक एवढाच की ते बाहेर आले. सावकारांशी तडजोड केली, आणि पुढे बरे दिवस आल्यावर ज्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता त्यांची रक्कम थोडी वर भर घालून फेडली, असे सांगतात. १८४० मध्ये जेन ड्रायव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतिपत्नी दोघेही पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत राबत. मूलबाळ झाले नाही. लंडनमधील स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते.

आता या गोळ्यांत होते तरी काय? मुख्यतः काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, आणि सुंठेसारखे घरगुती पदार्थ. काळा बोळ रेचक आहे हे आपल्या आजीलाही ठाऊक असते. गोळी घेतली की पोट साफ होई. एवढाच तिचा गुण. जाहिरातीत मात्र रोगांची यादीच असे : हिवताप, दमा, कावीळ, जलोदर, संधिवात, मूळव्याध, जंत, क्षय, फेपरे, मुतखडा, शरीरातील गाठी, अंगावरचे व्रण. या सगळ्यांवर एकच गोळी! रक्त शुद्ध झाले की सर्व रोग जातात, अशी त्यामागची मांडणी. हॉलोवे स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेत, तेही कोणत्याही विद्यापीठाचे तोंड न पाहता.

लोक इतके भोळे कसे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पण त्या काळाची परिस्थिती लक्षात घ्या. रोगजंतू म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ साली, हॉलोवे यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. तोवर पदवीधर डॉक्टरसुद्धा रक्त काढीत, पारा घातलेली औषधे देत, आणि अशा उपचारांनी रोगी अधिकच खंगत असे. डॉक्टरची फी गरिबाला परवडत नसे. गोळ्यांचा लहान डबा १ शिलिंग दीड पेनीला मिळे, तोही घराजवळच्या दुकानात किंवा टपालाने. शिवाय बरेचसे आजार आपोआप बरे होतात. तो बरा होण्याचा मान मधल्या काळात घेतलेल्या गोळीला मिळतो. आणि गोळीचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी अनुभवाला येत असल्यामुळे औषध लागू पडले याविषयी शंका उरत नसे! त्या वेळी लहान मुलांना निजवण्यासाठी अफू घातलेली पातळ औषधे सर्रास विकली जात आणि त्यांनी कित्येक बाळे दगावली. त्या मानाने हॉलोवे यांच्या गोळ्या निरुपद्रवी होत्या. मात्र ज्याला खरोखर क्षय झाला होता किंवा पोटात गाठ होती, त्याचा पैसा आणि उरलेली आशा या डब्यांवर खर्च झाली, हा उपद्रव लहान नव्हे. त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

अशा औषधांना इंग्लंडमध्ये पेटंट औषधे म्हणत. खरे तर त्यांतील बहुतेकांना पेटंट नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते, आणि कृती गुप्त ठेवण्यातच सारा नफा होता. सरकार या औषधांवर कर घेई. कर भरल्याची छापील पट्टी डब्यावर चिकटवलेली असे. ग्राहकाला वाटे, सरकारी शिक्का आहे म्हणजे सरकारनेच औषध पारखले असणार. सरकारने पारखला होता तो फक्त कर. १८६८ मध्ये विषारी द्रव्यांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, त्यातूनही ही औषधे वगळली गेली. फ्रान्समध्ये मात्र गुप्त कृतीचे औषध विकायला कायद्याने बंदी होती. ज्या देशाची भाषा येत असल्यामुळे हॉलोवे यांचे नशीब उघडले, त्याच देशाचा बाजार त्यांच्या गोळ्यांना बंद राहिला.

बाकी जग मात्र त्यांनी जाहिरातींनी व्यापून टाकले. जाहिरातींवरील त्यांच्या वार्षिक खर्चाचे आकडे पाहा. १८४२ मध्ये ५,००० पौंड, १८४५ मध्ये १०,०००, १८५१ मध्ये २०,०००, १८५५ मध्ये ३०,०००, १८६४ मध्ये ४०,००० आणि अखेरीस ५०,००० पौंड. नव्या वसाहतीत वर्तमानपत्र निघाले की त्यात हॉलोवे यांची जाहिरात आलीच. ऑस्ट्रेलियात सुट्या नाण्यांची टंचाई होती, तर त्यांनी १८५७ आणि १८५८ सालचे स्वतःच्या मुखवट्याचे तांब्याचे पेनी आणि अर्धा पेनी पाडून घेतले. लोक ते खुशाल पैसे म्हणून वापरत, आणि बाजारात प्रत्येक देवघेवीबरोबर जाहिरात होई. औषध घेण्याच्या सूचना चिनी, तुर्की, अरबी, आर्मेनियन अशा भाषांत आणि हिंदुस्थानातील बहुतेक देशी भाषांत भाषांतरित झालेल्या होत्या. म्हणजे लंडनमधली ही गोळी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीच्या बाजारपेठेपर्यंत पोचली होती. पालकांसाठी येथे एक गोष्ट नमूद करतो. स्वतंत्र भारतात १९५४ साली आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. कर्करोग, मधुमेह यांसारखे रोग हमखास बरे करतो अशी जाहिरात त्या कायद्याने गुन्हा ठरते. तरी रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर काय रंगवलेले असते ते आपण सारेच पाहतो.

मध्यंतरी एक मजेशीर खटला झाला. धाकटा भाऊ हेन्री लंडनला आला आणि त्याच स्ट्रँड रस्त्यावर हॉलोवे याच नावाने गोळ्या व मलम विकू लागला. डबेही तसेच, नावही तेच, आणि आडनाव तर त्याचे हक्काचेच! थॉमस यांनी १८५० मध्ये सख्ख्या भावाला कोर्टात खेचले. स्वतःच्या नावाने धंदा करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याचा हक्क कोणाला नाही, या अर्थाचा निकाल लागून हेन्रीला मनाई झाली. व्यापारचिन्हांच्या कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही नमूद होतो. अल्बिनोलोने तेरा वर्षांपूर्वी केलेली तक्रार याहून फारशी वेगळी नव्हती.

साठी उलटेपर्यंत हॉलोवे अतिशय श्रीमंत झाले होते. मूल नाही, डामडौलाची आवड नाही, बर्कशायरमधील सनिंगहिल येथे टिटनहर्स्ट नावाचे घर, आणि पैसा तर वाढतच होता. या पैशाचे करायचे काय? त्यांनी जाणकारांना विचारायला सुरुवात केली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी मनोरुग्णांची स्थिती त्यांच्या ध्यानात आणून दिली. त्या काळी निर्धन मनोरुग्णांना सरकारी वेडगृहात टाकत, धनिक लोक खाजगी व्यवस्था करीत, आणि शिक्षक, कारकून, लहान दुकानदार अशा मधल्या वर्गाला कोठेच थारा नव्हता. हॉलोवे यांनी सरे परगण्यातील व्हर्जिनिया वॉटर येथे अशा वर्गातील, बरे होण्याजोग्या रुग्णांसाठी एक भव्य आरोग्यधाम बांधायला घेतले. १८७३ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १८८५ मध्ये युवराजांच्या हस्ते उद्घाटन. रंगीत नक्षीच्या भिंती, उंच छताची दालने. तुरुंगासारखी इमारत नको, मन प्रसन्न होईल अशी हवी, असा त्यांचा आग्रह होता. हे रुग्णालय जवळजवळ शंभर वर्षे चालले.

१८७५ मध्ये जेन वारल्या. त्यानंतरचे काम त्यांच्या स्मरणार्थ झाले. मुलींसाठी कॉलेज काढावे ही मूळ कल्पना जेन यांचीच होती, असे मानले जाते. अमेरिकेत मॅथ्यू वासर नावाच्या बिअर उत्पादकाने १८६१ मध्ये मुलींचे कॉलेज स्थापन केले होते. तो नमुना हॉलोवे यांच्यापुढे होता. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मुलीने विद्यापीठाची पदवी घेणे ही नवलाची गोष्ट होती. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदवी देण्याचे ठरवले. ऑक्सफर्डने त्यासाठी १९२० साल उजाडू दिले आणि केंब्रिजने तर पूर्ण पदवीला १९४८ पर्यंत वेळ लावला! अशा दिवसांत एका गोळ्या विकणाऱ्या माणसाने, स्वतः कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने, मुलींसाठी राजवाड्यासारखे कॉलेज उभारायचे ठरवले.

राजवाड्यासारखे हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. वास्तुशिल्पी विल्यम क्रॉसलँड यांनी फ्रान्समधील शांबोर या राजवाड्यावरून एगहॅम येथील टेकडीवरच्या या इमारतीचा आराखडा केला. लाल विटा, पांढरा दगड, शेकडो मनोरे आणि धुरांडी, मध्ये दोन विशाल चौक. सप्टेंबर १८७९ मध्ये पहिली वीट बसली. सत्तरी ओलांडलेले हॉलोवे स्वतः कामावर लक्ष ठेवत, लहानसहान हिशेब तपासत. प्रत्येक विद्यार्थिनीला निजायची एक आणि अभ्यासाची एक अशा दोन खोल्या असाव्यात अशी योजना होती. घरात मुलीला बसायला वेगळा कोपराही मिळत नसे, त्या काळात ही केवढी गोष्ट! कॉलेजचा पाया त्यांनी कोणत्याही एका पंथावर ठेवला नाही, आणि स्त्रियांचे शिक्षण केवळ जुन्या परंपरेच्या साच्यात बसवू नये अशी अपेक्षा संस्थापनेच्या दस्तऐवजात नोंदवली. मुली सुंदर वस्तूंच्या सहवासात वाढाव्यात म्हणून १८८१ ते १८८३ या अवघ्या दोन वर्षांत त्यांनी ८० हजार पौंडांहून अधिक खर्चून ७७ चित्रे विकत घेतली.

इमारत पुरी होण्यापूर्वीच २६ डिसेंबर १८८३ रोजी हॉलोवे यांचे निधन झाले. ३० जून १८८६ रोजी व्हिक्टोरिया राणीने कॉलेजचे उद्घाटन केले आणि ते रॉयल हॉलोवे कॉलेज झाले. ऑक्टोबर १८८७ मध्ये पहिल्या २८ विद्यार्थिनी आल्या. १९०० मध्ये कॉलेज लंडन विद्यापीठाचा भाग बनले. एका चौकात राणीचा पुतळा आहे आणि दुसऱ्या चौकात थॉमस व जेन यांचा.

या कॉलेजच्या आरंभीच्या विद्यार्थिनींत एमिली डेव्हिसन ही एक होती. वडील वारल्यावर फी भरता न आल्याने तिला कॉलेज सोडावे लागले. घरोघरी शिकवण्या करून तिने पुढचे शिक्षण घेतले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून लढताना १९१३ मध्ये एप्सम येथील शर्यतीत राजाच्या घोड्याची धडक बसून ती मरण पावली. एवढ्या मोठ्या वाड्यात एका हुशार मुलीच्या फीची सोय होऊ नये, याची चुटपुट ही हकीकत वाचताना लागते.

आणि गोळ्यांचे काय झाले? १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातील गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून त्याचे पुस्तकच काढले. हॉलोवे यांचे प्रतिस्पर्धी बीचम यांच्या प्रसिद्ध गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. १ शिलिंग दीड पेनीच्या डब्यातील ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत साधारण अर्धा फार्दिंग भरली. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्रैराशिक येणाऱ्या मुलांनी नफा किती पट ते काढून पाहावे. (एक शिलिंग म्हणजे १२ पेनी.) हॉलोवे यांचा धंदा पुढे याच बीचम कंपनीकडे गेला आणि त्यांच्या गोळ्या बाजारातून हळूहळू दिसेनाशा झाल्या. मातीची मलमाची बरणी किंवा तांब्याचे एखादे नाणे आता संग्रहालयात पाहायला मिळते.

कॉलेज मात्र चालू आहे. १९६५ पासून तेथे पदवीच्या वर्गांत मुलगेही शिकू लागले. चित्रांपैकी टर्नर यांचे एक चित्र १९९३ मध्ये अमेरिकेतील गेटी संग्रहालयाला विकून इमारतीच्या देखभालीसाठी पैसा उभा करण्यात आला. उरलेल्या चित्रांत लँडसीअर यांचे एक भले मोठे चित्र आहे. उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या आणि बर्फात नष्ट झालेल्या जहाजाच्या अवशेषांपाशी दोन पांढरी अस्वले त्यात दाखवली आहेत. ते ज्या दालनात लावले आहे तेथेच परीक्षा होतात. या चित्रासमोर बसून पेपर लिहिणारा नापास होतो, अशी विद्यार्थ्यांची जुनी समजूत. म्हणून परीक्षेच्या दिवसांत त्या चित्रावर ब्रिटनचा मोठा झेंडा टाकून ते झाकून ठेवण्याचा रिवाज तेथे पडला आहे.